मेंडोलिनची घोडी

"आठ तारो! एकंदर आठ! अगो, अख्ख्या तालुक्याचे नकाशे माझ्या कपाटात शिस्तीत उभे रवतत, आणि माका आठ तारो बसवूक येवच्यो नाय?"

हे वाक्य गुरुदास कांबळीने रविवारी सकाळी, दुसरा चहा पोटात गेल्यावर, पडवीत उभं राहून उच्चारलं. समोर सावित्री विळीवर नारळ खवत बसली होती. तिने मान वर केली नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. नवऱ्याने "एवढाच ना?" असा सूर लावला की घरातली एक चालती वस्तू बंद पडते, एवढं ती सोळा वर्षांत शिकली होती.

तसा गुरुदास हुशार माणूस. मालवणच्या मामलेदार कचेरीत कारकून, अक्षर असं की साहेब घरची आमंत्रणंही त्याच्याकडूनच लिहून घेत. पण कचेरीतून घरी आला की त्याच्या हातांना खाज सुटे. भिंतीवरचं घड्याळ त्याने दुरुस्त केल्यापासून ते फक्त सावित्रीलाच वाचता येई; सात ठोके पडले की साडेचार झाले, हे तिने पाठ केलं होतं. त्याने नीट केलेली छत्री एकदा उघडली ती पुन्हा मिटलीच नाही. अख्खा श्रावण ती न्हाणीच्या दारात तोफेसारखी रोखलेली होती.

"ता मेंडोलिन माझ्या भावाचा आसा," सावित्री शांतपणे म्हणाली.

"म्हणान तर!" गुरुदास म्हणाला, आणि त्याने ते खुंटीवरून काढलं.

सत्यवान हा सावित्रीचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिनेच त्याला वाढवला. आता तो परदेशी जाणाऱ्या बोटीवर इंजिनात तेलवाला होता. दोन वर्षांमागे इटलीच्या कुठल्याशा बंदरातून त्याने हे मेंडोलिन आणलं. पाठ अशी गोल, की अर्ध्या भोपळ्याला कोणी मान जोडली असावी! जमिनीवर ठेवलं की डुलायचं. शेवटी सावित्रीने घागरीखाली घ्यायची चुंबळ त्याच्याखाली सरकवली, तेव्हा कुठे ते बसलं. रजा संपल्यावर सत्यवान ते बहिणीकडेच ठेवून गेला. घर मालवणच्या मेढा भागात, समुद्र हाकेवर. दोन वर्षं खारं वारं लागून आठही तारा अशा गंजल्या, की त्यांच्याकडे नुसतं बघूनच दात आंबावेत.

आणि नेमकं यंदा मार्गशीर्षात सत्यवानचं लग्न जमायची चिन्हं दिसत होती. देवगडचे गंगाराम मास्तर हे शाळेतून निवृत्त झालेले, सतार वाजवणारे गृहस्थ. त्यांची मुलगी सुगंधा. सत्यवानचा एक फोटो त्यांच्याकडे गेला होता. बोटीच्या डेकवर सत्यवान, मागे समुद्र, हातात मेंडोलिन, तोंडभर हसू. त्यावर मास्तरांचं पत्र आलं: "मुलगा वादक आहे हे पाहून फार समाधान वाटले. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी मालवणास बहिणीकडे पूजेला येत आहोत. मुलगीही बरोबर आहे. चार वाजता आपल्याकडे येऊ. वादन ऐकण्याची इच्छा आहे."

सावित्रीने ते पत्र देवापुढे ठेवलं. सत्यवान तिशीला आला होता, आणि आजवर तीन ठिकाणांहून "बोटीवरचो नवरो नको" असा निरोप आला होता. हे चौथं ठिकाण. ती कोणाला बोलून दाखवत नव्हती, पण आठ दिवस ती देवाला फूल वाहताना एक जास्त वाहत होती.

तसंच पत्र मास्तरांनी मुंबईला सत्यवानलाही टाकलं होतं, त्यामुळे त्याच आठवड्यात त्याचंही पत्र आलं. शेवटी लिहिलं होतं: "तू लिहिल्याप्रमाणे मेंडोलिनच्या तारा गंजल्या आहेत. तेव्हा वाजवणे होणार नाही, असे मास्तरांना आधीच कळवावे. विसरू नये." 'विसरू नये'च्या खाली दोन रेघा.

"बिचारो!" गुरुदास कळवळून म्हणाला. "केवढो हिरमुसलो बघ!"

त्याने मास्तरांना काही म्हणता काही कळवलं नाही. उलट मुंबईच्या मित्राला लिहून नव्या तारांचं पाकीट मागवलं. सत्यवान शनिवारी बोटीतून उतरेल, घरी येईल, मेंडोलिन बघेल आणि म्हणेल, "भावोजी, धन्य तुमची!" हा प्रसंग गुरुदासने मनातल्या मनात इतके वेळा बघितला, की शेवटी शेवटी त्यात त्याने स्वतःला नवा सदराही घातला.

तर, पहिलं काम म्हणजे जुन्या तारा काढणं. गुरुदासने खुंट्या पिळून आठही तारा एकदम सोडल्या. शेवटची तार सुटली, आणि मेंडोलिनच्या पोटावरून बोटभर लांबीचा एक काळा लाकडी तुकडा टुपकन खाली पडला. ही घोडी. सगळ्या तारा हिच्या पाठीवरून जातात आणि त्यांच्या दाबानेच ती जागेवर उभी राहते. तिला ना खिळा, ना सरस. म्हणून जाणकार माणूस एक तार काढतो, तिथे नवी लावतो, आणि मगच दुसरीला हात घालतो. हे ज्ञान गुरुदासला बरोबर एका आठवड्याने व्हायचं होतं.

त्याने घोडी उचलून खिशात टाकली आणि साफसफाईला लागला. मेंडोलिनच्या पोटावर घोडीच्या पायांचे दोन फिकट ठसे उमटले होते. "केवढो मळ!" म्हणत त्याने राख आणि खोबरेल घेऊन ते ठसे असे घासले, की लाकडात त्याचं स्वतःचं नाक दिसायला लागलं. मग तेलकट हात धुवायला तो न्हाणीत गेला, खिशातली घोडी भिजू नये म्हणून काढून तिथल्या चुलीच्या कट्ट्यावर ठेवली, आणि बाहेर येऊन समाधानाने विडी ओढली.

विडी संपल्यावर त्याला घोडी आठवली.

"अगो, घोडी खंय?"

"काय?"

"घोडी! थंय कट्ट्यार ठेवलेली!"

सावित्री खवणं थांबवून त्याच्याकडे बघत राहिली. "आमच्याकडे घोडी कधी होती? गाय आसा, ती गोठ्यात आसा."

"अगो, लाकडाची! काळी! एवढीशी!" गुरुदासने बोट दाखवलं.

"ता होय?" सावित्री म्हणाली. "ता मी पाणी तापवताना चुलीत घातलंय. सुकी होती. बरी पेटली."

गुरुदास न्हाणीत धावला. घंगाळात पाणी वाफाळत होतं. "आंघोळ करून घेवा," मागून सावित्री म्हणाली. "पाणी चांगला तापला."

इथे एखादा दुसरा माणूस थांबला असता. गुरुदासने आंघोळ केली आणि शेजारच्या बाबली मेस्ताला हाक मारली.

बाबली हा सुतार. दारं, खिडक्या, होड्यांची वल्ही, असलं त्याचं काम. आणि बोलणं असं, की जणू तोंडातला प्रत्येक शब्द तो रंधा मारून बाहेर काढतोय. त्याने मेंडोलिनला सगळीकडून न्याहाळलं.

"भोपळ्याक घोडी व्हयी?"

"होय. बोटभर. पण खंय बसता ता कळणा नाय."

"आदी खंय होती?"

"ठसे होते. मी पुसलंय."

बाबलीने घासलेल्या पोटावरून एकदा बोट फिरवलं. मग घरी जाऊन मोडक्या पाळण्याच्या शिसवी दांड्याचा तुकडा घेऊन आला, आणि दोन दिवसांत त्याने त्यातून एक घोडी कोरून दिली. घोडी सुबक होती, यात शंका नाही. फक्त मेंडोलिनला शोभण्यापेक्षा ती पाळण्याला जास्त शोभत होती. जागेबद्दल मात्र बाबलीच्या मनात शंका नव्हती. "आमच्या कामात मध्य म्हणजे मध्य," तो म्हणाला. त्याने सूत धरून पोटाचा मध्य काढला. तिथे नेमकं मेंडोलिनचं भोक आलं. मग भोकाच्या कडेला, जिथे पहिलं लाकूड लागलं, तिथे घोडी उभी राहिली.

आता तारा. पाकिटातून आठ वेटोळी निघाली, दोन-दोन एकासारखी. त्यांच्याबरोबर एक चिठ्ठी होती, आणि तिच्यावर इंग्रजीत चारच अक्षरं: जी. डी. ए. ई. गुरुदासला इंग्रजी चांगलं येत होतं. त्याने चष्मा लावला.

"ह्या काय?" सावित्रीने विचारलं.

"हुद्दो आसा. जनरल डेप्युटी असिस्टंट इंजिनीर. त्येंच्या मंजुरीने माल बाहेर पडता." आणि ती चिठ्ठी त्याने कागद अडकवायच्या तारेत, इतर सरकारी कागदांच्या वर, नीट टोचून ठेवली.

ते चार सूर होते. तारांच्या चार जोड्या कुठल्या सुरांत लावायच्या, हे दुकानदाराने बिचाऱ्याने लिहून दिलं होतं!

जाड तार खालच्या बाजूला आणि बारीक वर, असा गुरुदासने स्वतःच निर्णय घेतला. "जड वस्तू खाली ठेवतत. फडताळात आपण काय तांदळाची गोण वर ठेवतो?" बरोबर उलट्या क्रमाने आठही तारा चढल्या.

राहिलं ते सुरात लावणं. गुरुदास भजनी मंडळात टाळ वाजवी, त्यामुळे स्वरज्ञान आपल्या घरचं आहे असं त्याला वाटे. गुरुवारी संध्याकाळी त्याने मंडळाची पेटी डोक्यावरून घरी आणली आणि स्वयंपाकघरातच मांडली, कारण सावित्री चुलीपासून हलायला तयार नव्हती.

"एका हातान भातो मार, एका हातान ही काळी पट्टी दाब. सोडा नको! आठय तारांक हो एकच सा! घरात भांडाण नको!"

पेटी म्हशीसारखी एका सुरात हंबरायला लागली. गुरुदास खुंटी पिळायला लागला. बारीक तारा त्या सुरापर्यंत खाली आल्या तेव्हा इतक्या सैल झाल्या, की त्यांच्यावर धुणं वाळत घालता आलं असतं. जाड तारा मात्र वर यायला तयार होईनात.

"किती वेळ धरू?" सावित्री ओरडली. "भात लागता!"

"धर! येता, येता! जरासो र्‍हवलो!"

"तुमी पिळतास ती तार काय बोलता ता आयकलात? ती रडता!"

"सुरात येताना रडतातच!"

आणि टण्ण! सगळ्यांत जाड तार तुटली, गुरुदासच्या मिशीला चाटून गेली, आणि थेट चुलीवर उकळणाऱ्या बांगडा माशाच्या तिखल्यात जाऊन पडली. सावित्रीने पेटी सोडली, पळीने तार वर काढली, झटकली आणि नवऱ्याच्या हातात दिली. मग तिखल्याचं मीठ चाखून बघितलं. तुटलेल्या तारेची जोडीदार शहाणी होती. तिला त्याने नुसता हात लावला आणि ती तुटली.

दोन तारा कमी! मुंबईहून दुसऱ्या यायला वेळ कुठे होता? पुन्हा बाबलीच धावला. त्याचा मेहुणा सुरमईच्या मासेमारीला जाई. सुरमई साधा दोरा दातांनी तोडते, म्हणून तिच्या गरीला तार लावतात. त्या तारेचे दोन तुकडे आले, चढले, आणि तुटले नाहीत. सुरमई जिथे तोडू शकली नाही तिथे गुरुदास काय तोडणार? फक्त त्या तारेला आजवरच्या सगळ्या आमिषांचा वास होता. शुक्रवारपासून शेजारचं मांजर पडवीत येऊन मेंडोलिनसमोर बसायला लागलं. गाणं ऐकायला बसावं तसं, डोळे अर्धवट मिटून.

गुरुदासने एकदा तारांवरून वाजवायची नखी फिरवली. जो आवाज निघाला तो ऐकून गोठ्यातली गाय उभी राहिली. त्याने नखी खाली ठेवली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याने आपणहून देवाला हात जोडले. सावित्रीचं जास्तीचं फूल त्याने पाहिलं होतं.

शनिवारी सकाळी बोट लागली, माणसं उतरवणारे पडाव किनाऱ्याला आले, आणि सत्यवान घरी आला. बहिणीच्या पाया पडला, ट्रंक ठेवली, आणि त्याची नजर चुंबळीवरच्या चकचकीत तारांवर गेली. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"भावोजी," तो हळू म्हणाला, "ह्या काय केलात?"

कलाकाराची नजर! गुरुदासच्या मनात आलं. एका नजरेत ओळखलं!

"तुका कळला?" त्याने विचारलं.

"कळूचा काय रवला? समोर दिसता!"

"आक्काक सांगा नको."

"मी कित्याक सांगू? लाज जाताली!"

"जाताली खरी," गुरुदास मान खाली घालून म्हणाला. "मी चार दिवस झोपलंय नाय."

"तुमका चार दिवसांपासून म्हायत आसा?"

"आठ दिवस झाले."

सत्यवानने डोक्याला हात लावला. "आणि तरी तुमी नयो तारो घातलात?"

एवढ्यात सावित्री चहा घेऊन आली आणि दोघेही एकदम समुद्राच्या हवेबद्दल बोलायला लागले. गुरुदासची खात्री पटली, की मेव्हण्याला मेंडोलिनचं सगळं कळलंय. सत्यवानची खात्री पटली, की भावोजींना त्याचं सगळं कळलंय. त्याचं म्हणजे कसलं, हे गुरुदासच्या गावीही नव्हतं. सावित्री आत गेल्यावर दोघांचं एका क्षणात एकमत झालं: काहीही झालं तरी उद्या हे मेंडोलिन वाजता कामा नये.

"बोट कापला म्हणान सांगया," गुरुदासने सुचवलं.

"भावोजी, धन्य तुमची!" सत्यवान म्हणाला.

हे शब्द ऐकायची गुरुदासची फार इच्छा होती. पण ती अशी पुरी होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

रविवारी बरोबर चार वाजता गंगाराम मास्तर आले. काळी टोपी, पांढरं धोतर, बारीक शरीर, आणि डाव्या हाताची दोन बोटं सतारीने घासून कडक झालेली. मागे सुगंधा, निळ्या लुगड्यात, डोळे खाली पण कान वर. पोहे आले. सगळे पाहुण्यांसमोर बोलायचं पुस्तकी मराठी बोलत होते.

"आपल्या बोटाला काय झालं?" मास्तरांनी विचारलं. सत्यवानच्या बोटाला सावित्रीच्या जुन्या लुगड्याची एवढी मोठी पट्टी गुंडाळली होती, की ते बोट नसून बाहुली वाटत होती.

"इंजिनात कापलं," सत्यवान म्हणाला.

"विळीवर," गुरुदास त्याच क्षणी म्हणाला.

"म्हणजे... इंजिनातल्या विळीवर," सत्यवानने दुरुस्त केलं.

"अरेरे. मग आज ऐकायला मिळणार नाही." मास्तर खरंच हळहळले. मग त्यांचे डोळे चमकले. "पण वाद्य आहे ना? बघू तर! तंतुवाद्य दिसलं की मला राहवत नाही."

कोणी हलायच्या आत त्यांनी स्वतः उठून मेंडोलिन उचललं. मांजरही उठून त्यांच्यामागून आलं. मास्तरांनी नखी फिरवली.

सावित्रीने पोह्याची बशी खाली ठेवली. मास्तरांनी डोळे मिटले, उघडले. तारा पाहिल्या. घोडी पाहिली. वाकून वास घेतला. मांजराकडे पाहिलं.

"या तारा कोणी लावल्या?"

गुरुदास बशीतल्या पोह्यांत मिरची शोधायला लागला.

"मी," सत्यवान म्हणाला.

गुरुदासने चमकून त्याच्याकडे बघितलं. मास्तरांनी मेंडोलिन हळूच चुंबळीवर ठेवलं. "उलट्या लावल्यात. घोडी भलत्याच जागी. दोन तारा माशाच्या गरीच्या! असं करणारा माणूस वादक असू शकत नाही, कांबळी. बोट बघायची मला गरज नाही." त्यांनी टोपी सारखी केली. "मुलगा बोटीवर असतो, चालेल. पण खोटं चालायचं नाही. सुगंधा, ऊठ."

सावित्रीने डोळ्यांना पदर लावला नाही. ती नुसती भावाकडे बघत राहिली. ते गुरुदासला बघवेना. अख्ख्या आयुष्यात त्याने "माझी चूक" हे दोन शब्द एकत्र उच्चारले नव्हते. कचेरीतसुद्धा तो "सदर बाबतीत अनवधान घडले" असं लिहीत असे. आता तो उभा राहिला आणि पुस्तकी मराठी त्याच्या तोंडातून कुठल्या कुठे पळालं.

"मास्तरानु, बसा! तारो मी लावलंय! त्येणी नाय! ठसे मी पुसलंय, तारो मी तोडलंय, मासळेची तारय मीच घातलंय! पोरान इल्यापासून तेका हात लावूक नाय! माका वाटला, आपल्याक सगळा येता. माका काय एक येणा नाय!"

"आणि घोडी मी जाळलंय," सावित्री मागून म्हणाली. "पाणी तापवूक."

"घोडी जाळलीत?" मास्तरांनी विचारलं.

"बरी पेटली," ती म्हणाली, कारण खरं बोलायचं तर सगळंच बोलावं.

सत्यवानने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा भावोजींकडे. मग तो बोटाची पट्टी सोडायला लागला. ती बराच वेळ सुटतच राहिली. आतून निघालेलं बोट धडधाकट होतं.

"आणि माका वाजवूक येणा नाय," तो म्हणाला.

"काय?" हे गुरुदास ओरडला.

"तुमका म्हायत नाय?" सत्यवान चक्रावला. "मगे काल काय बोलत होतास?"

"मी तारांबद्दल बोलत होतंय!"

"मी माझ्याबद्दल!" तो मास्तरांकडे वळला. "थंय बंदरार एक म्हातारो वाजवत होतो. माका बरा वाटला, घेतलंय. शिकूचा रवला. फोटो काढलो, तो आक्कान धाडलो, आणि तुमी लिवलात वादक. मगे खरा सांगूक धीर झालो नाय. तारो गंजल्यो तेवा माका बरा वाटलेला."

मास्तर उभेच होते. त्यांना रागवायचं होतं, पण कुठल्या टोकाला धरून रागवावं ते समजत नव्हतं. तेवढ्यात सुगंधा पहिल्यांदाच बोलली.

"बाबा, माका म्हायत होता."

"तुका?"

"फोटोत त्येंचो उजवो हात वर मानेवरच्या पडद्यांर होतो आणि डावो खाली तारांर. असा कोण धरता?"

"मगे बोललंस कित्याक नाय? आणि हंय इलंस कित्याक?"

सुगंधा जमिनीकडे बघत म्हणाली, "फोटोत हसणा बरा होता."

सत्यवानचे कान लाल झाले. मास्तर हळूहळू खाली बसले. मग त्यांनी मेंडोलिन मांडीवर ओढलं. गुरुदासला जवळ बसवलं, आणि एक तार काढून दुसरी लावायची कशी, ते शाळेतल्या ढ मुलाला दाखवावं तसं, चार वेळा दाखवलं. मानेच्या वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर दोऱ्याने मोजलं, तेवढंच पुढे टाकलं, आणि घोडी तिथे नेऊन उभी केली. चिठ्ठीची चौकशी केली, तेव्हा गुरुदासला ती सरकारी कागदांतून उपसून आणावी लागली. जनरल डेप्युटी असिस्टंट इंजिनीरबद्दल मात्र तो काही बोलला नाही. दिवेलागणीच्या सुमाराला मास्तरांनी त्या तारांवर एक छोटीशी धून वाजवली. दोन तारा गरीच्या असूनही ती गोड वाजली. सत्यवान ऐकत होता मेंडोलिन, बघत होता दुसरीकडे.

"कळवतो," जाताना मास्तर एवढंच म्हणाले. चेहऱ्यावरून काही म्हणता काही समजलं नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी पोस्टाचा शिपाई दारात आला आणि ओरडला, "कांबळी, तार!"

त्या काळात तार म्हणजे कोणीतरी गेल्याशिवाय येत नसे. सावित्रीने आधी मोठ्याने रडून घेतलं, कोणासाठी ते नंतर बघू म्हणून. सत्यवान न्हाणीतून ओल्या अंगानेच धावला. गुरुदास जेवायला घरी आला होता. त्याने खरकट्या हाताने लिफाफा फोडला, वाचला, आणि मटकन ओट्यावर बसला.

"कोण गेला?" सावित्रीने विचारलं.

"कोण नाय. येता," तो म्हणाला. "सुगंधा येता!"

मग सावित्री पुन्हा रडली, पण आता कोणासाठी ते तिला माहीत होतं. सत्यवानने ओल्या अंगाने भावोजींना मिठी मारली, आणि बाबली मेस्त कुंपणापलीकडून म्हणाला, "बरा झाला," जे त्याच्या मानाने भाषणच होतं.

दुपारी गुरुदास ती तार घेऊन कचेरीत गेला. साहेबांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन त्याने ती स्वतः धरून दाखवली. कोणाच्या हातात मात्र दिली नाही. तारेत दोनच वाक्यं होती, "सुगंधा राजी" आणि "कांबळींनी मेंडोलिनला हात लावू नये", आणि दुसऱ्या वाक्यावर त्याने अंगठा घट्ट दाबून धरला होता.